जमलं ते नको, अडलं ते सांगा

प्रिय सर,

तुम्हाला नावानं हाक मारायची आपल्यात रीत नव्हती, आणि 'अहो' म्हटलं की तुमचं डोकं वर्तमानपत्रातून वर यायचं नाही. म्हणून सगळ्या अर्धापूरसारखी मीही तुम्हाला सर म्हणायला लागले. आपली वैशाली लहानपणी शेजारणीला सांगायची, माझी आई पण पप्पाच्या शाळेत आहे. आठवतं?

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत पत्र लिहावं असं वाटलं नाही, खरं सांगते. बोलायचं ते मनात बोलून घेत होते. भाजी निवडताना, नळाला पाणी येईपर्यंत थांबताना. पण आज दुपारी वर्ग सुटला आणि एक असं निघालं की ते तुम्हालाच विचारायला हवं. मनातल्या मनात विचारलं की उत्तर माझ्या सोयीचं येतं. कागदावर लिहिलं तर तसं होणार नाही, असं वाटलं.

होय, वर्ग भरतोय. ते आधी सांगून टाकते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. मी जेवले का, हे नंतर.

तुमचा तो रविवारचा वर्ग कसा सुरू झाला, हे आता लोक वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं, सरांना स्वप्न पडलं. मला माहीत आहे ना काय झालं ते! आठवीच्या तासाला एक पोरगा दुसऱ्याच्या धर्मग्रंथाबद्दल वाकडं बोलला. तुम्ही रागावला नाहीत, एवढंच विचारलं, तू वाचलंय का ते? तो नाही म्हणाला. मग साऱ्या वर्गाला विचारलं, दुसऱ्या घरचं पुस्तक कुणी वाचलंय? एकही हात वर नाही. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही सायकल भिंतीला टेकवली आणि तिथंच उभ्यानं मला म्हणालात, "चंद्रकला, माझा पण हात वर गेला नसता. मी पण न वाचताच शिकवून राहिलो."

मग तुम्ही घरोघर निघालात. मला धडकी भरली होती, ते तुम्हाला कधी बोलले नाही. बौद्ध घरचा माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन त्यांची पोथी मागतोय, लोक काय म्हणतील? तुम्ही मात्र प्रत्येक दारात एकच विचारलंत, हे पुस्तक पोरांनी कसं हाताळावं ते सांगा. द्या म्हणाला नाहीत, कसं हाताळू म्हणालात. म्हणून दारं उघडली, असं मला आता वाटतं.

केळीचा व्यापार करणारे हबीबभाई म्हणाले, हात धुवा आणि कुराणाचं मराठी भाषांतर असलं तरी जमिनीवर ठेवू नका. त्यांनी पुस्तक ठेवायची लाकडी रेहाल दिली. तुम्ही सुताराकडून तशाच आणखी करून घेतल्यात आणि सगळ्याच पुस्तकांना रेहाल मिळाली. ट्रकवाले करमसिंगकाका म्हणाले, गुरुबाणी वाचताना डोकं झाकलेलं पाहिजे. म्हणून पोरांच्या खिशात रुमाल आले. आणि किराणा दुकानाचे महादप्पा अण्णा! त्यांनी आपल्या लिंगायत घरातलं शरणांच्या वचनांचं पुस्तक काढून दिलं आणि अट काय घातली? पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. तुम्ही घरी येऊन हसत होतात, कारण अण्णा स्वतः दुकानात नोटा तशाच मोजतात.

बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत वर्ग बसायचा. दाराशी बादली, तांब्या आणि पंचा. दोनच नियम होते तुमचे. पहिला, आपल्या घरचं पुस्तक आपण वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं आणि आपण ऐकायचं. दुसरा, वाचल्यातलं एक वाक्य आठवडाभर वापरून बघायचं आणि पुढच्या रविवारी येऊन सांगायचं. तेही कसं? जमलं ते नको, अडलं ते सांगा. जमलं ते सांगायला लागलं की पोरं खोटं बोलतात, असं तुम्ही म्हणायचात. मोठी माणसंही.

न दिलेलं घेऊ नये, हे वाक्य एका आठवड्याला होतं. तेव्हा तो नामदेव विचारत होता, सर, केळीच्या बागेत खाली पडलेलं केळं दिलेलं धरायचं का न दिलेलं? तुम्ही म्हणालात, मालकाला विचार. तो विचारायला गेला आणि मालकानं खुश होऊन त्याच्या हातात अख्खी फणी दिली. पुढच्या रविवारी हा रडवेल्या तोंडानं म्हणतो, "सर, लई अडलं. आता दरवेळी विचारावं लागतंय."

आणि हबीबभाईंची नात सानिया. पाठीमागं कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असं वाक्य मिळालं तेव्हा ती आठवड्यानं म्हणाली, "सर, आमच्या घरात सगळे गप्पच बसले. मग अम्मी म्हणाली, हे वाक्य सोमवारपासून लागू करू."

पत्र्याच्या अलीकडं मी हे सगळं ऐकत असायची. तांदूळ निवडत, नाहीतर गोधडीला टाके घालत. औशाजवळच्या आमच्या गावात माझी चौथी झाली आणि पुढं अक्षरं विसरूनच गेले होते. ती मला परत आणली तुमच्या पोरांच्या अडखळण्यानं. पोर एकेक अक्षर जोडत वाचायचं, तसं मीही मनात जोडायची. मग पुड्याच्या कागदावर बघायची, एसटीच्या पाटीवर बघायची. एके दिवशी तुम्ही लवकर घरी आलात आणि मी पुस्तक डोळ्यांजवळ धरून बसलेली तुम्हाला दिसले. पुढच्या आठवड्यात मला नांदेडला नेलंत आणि चष्मा घेऊन दिलात. दुकानदारानं विचारलं, लांबचा का जवळचा? तुम्ही म्हणालात, वाचायचा.

त्या एका शब्दावर मी किती दिवस जगले, तुम्हाला काय ठाऊक!

पण सर, एक विचारू? पत्र्याच्या पलीकडं तुम्ही गावातली सगळी पोरं बसवलीत. अलीकडं मी बसलेय, हे तुम्हाला माहीत होतं. एकदा तरी आत ये म्हणायचं होतं. मी आले नसते बहुतेक. लाजले असते, कामं आहेत म्हटलं असतं. तरी म्हणायचं होतं.

तुम्ही गेलात तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. कुणी तरी मला हलवून म्हणालं, बाहेर बघा. पोरं आली होती. त्यांना कुणी येऊ नका सांगितलं नव्हतं. बादली नव्हती, म्हणून त्यांनी नळावर हात धुतले होते आणि ओले हात पुढं धरून ती ओळीनं उभी होती. कुठं पुसायचे, कळत नव्हतं त्यांना. मी तोवर रडले नव्हते.

पुण्यानुमोदनाला महादप्पा अण्णांनी उभं राहून जाहीर केलं की सरांच्या आठवणीसाठी ते एक कपाट देणार. दिलंही. नांदेडहून आणलं, सागवानी, काचेच्या दारांचं, कुलपाचं. माझ्या हातात किल्ली ठेवून म्हणाले, "अक्का, सरांचं धन आता तुमच्या ताब्यात."

मग जो तो आपल्या परीनं मान देऊ लागला. हबीबभाईंनी कुराण गुंडाळायला मखमली बस्ता शिवून आणला. करमसिंगकाकांनी रेशमी रुमाल आणले. अण्णांनी वचनांच्या पुस्तकाला भगव्या कापडात बांधलं आणि वर बेलपान ठेवलं. आपल्या वंदनेच्या पुस्तकाला आपल्याच वस्तीतल्या बायकांनी पांढरं कापड गुंडाळलं. वर तुमचा फोटो, त्याला हार. दिसायला इतकं सुंदर दिसायचं की मीही पहिले काही दिवस नुसती बघत बसायची.

पोरं रविवारी यायची. काचेपुढं हात जोडायची. कुणी पुस्तकाकडं बोट केलं की तीन माणसं एकदम म्हणायची, हात नको लावू बाळा, सरांची आठवण आहे. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पुस्तकाची काळजी. हबीबभाई वचनांना जपायचे, अण्णा कुराणाला जपायचे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तेच तर अवघड होतं! वाचायच्या ऐवजी दर रविवारी एक मोठा माणूस खुर्चीवर बसून बोलायचा, सगळे धर्म कसे चांगलंच शिकवतात ते. ऐकायला बरं वाटायचं. पोरं जांभया द्यायची. अडलं कुठं, हे कुणी विचारत नव्हतं, कारण वाक्यच कुणाला मिळत नव्हतं.

पोरं कमी होत गेली. मग एका रविवारी खोलीत नुसती म्हातारी माणसं होती आणि चहाचे कप.

वैशाली लातूरहून फोन करायची. आई, तिथं आता काय राहिलंय? तिनं माझ्यासाठी खोली मोकळी केली होती. मी पिशवी भरली. तुमचा स्वेटर घातला तीत, चष्मा घातला. तुमची आठवण तर रोजचीच, तिची सवय करत होते. पण पत्र्याच्या पलीकडून ते अडखळतं वाचणं ऐकू येत नव्हतं, त्यानं घर फार रिकामं झालं. तुम्ही दोनदा गेल्यासारखं.

मागच्या रविवारी सानिया लवकर आली. आता दहावीत आहे ती. तिनं काचेला नाक लावलं आणि विचारलं, "काकू, सरांनी शेवटचं वाक्य दिलं होतं, त्याचं अडलेलं सांगायचं राहिलंय. आता कुणाला सांगू?"

मी आत गेले, किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. मखमल सोडली, रेशीम सोडलं, भगवं सोडलं, पांढरं सोडलं. चारही पुस्तकं रेहालींवर मांडली. सानियाला म्हटलं, बादली भर.

तेवढ्यात मोठी मंडळी आली. सोबत अण्णांचा नातू शिवकुमारही होता. अण्णांनी उघडं कपाट बघितलं आणि ते दारातच थांबले.

"अक्का, हे काय करून राहिल्या? पोरांच्या हातात देऊ नका. मळतील, फाटतील. हात न लागता राहू द्या, त्यातच मान हाय."

सर, हात न लागता हे शब्द माझ्या कानात असे गेले, की मी किती वर्षांची आहे हेच विसरले. माझा आजा देवळाच्या बाहेर उभा राहून पोथी ऐकायचा. तो म्हणायचा, आवाज येतो, अक्षर दिसत नाही. दीक्षा घेतल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल तर वंदनेचं छोटं पुस्तक विकत आणलं आणि वाचता येत नसताना छातीशी धरून गावभर फिरला. ते सगळं एकदम वर आलं.

मी म्हणाले, "अण्णा, हात लावू नका म्हणून सांगितलेली पुस्तकं आमच्या आज्यानं लई बघितली. आता माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या खोलीत, तेच पुन्हा नको."

अण्णांचं तोंड उतरलं. अगदी हळू म्हणाले, "मी तसं म्हणालो का, अक्का?" मग चपला घातल्या, शिवकुमारचा हात धरला आणि निघून गेले.

हबीबभाईंनी एक रेहाल सरळ केली. मग सानियाला म्हणाले, "हात धुतले का गं? मग बस ना." आणि स्वतः दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले. करमसिंगकाका पोरं गोळा करायला गेले. गल्लीत ओरडत फिरले म्हणे, वर्ग भरला, वर्ग भरला. नामदेव क्रिकेट अर्धं टाकून आला, बॅट घेऊनच.

पुस्तक कोणतं वाचायचं? सानियानं वचनांचं उचललं. अण्णांच्या घरचं. वाक्य निघालं ते बोलण्याविषयीचं, माणसाचं बोलणं मोत्यांच्या हारासारखं असावं, असं. तिनं दोनदा वाचलं. मी पत्र्याच्या अलीकडं नव्हते सर, आत होते, पोरांच्या मागं चटईवर. काचेच्या कपाटाचं दार उघडंच होतं आणि तुम्ही वरून बघत होतात. मला तुमची इतकी आठवण आली, की वाक्य माझ्या डोळ्यांपुढं पुसट झालं. चष्म्याचा उपयोग नव्हता.

त्या रात्री पिशवी रिकामी केली. वैशालीला सांगितलं, सुट्टीत तूच ये.

आता आज काय झालं ते. आज पोरं आठवड्याचं अडलेलं सांगायला बसली. नामदेवचं क्रिकेटच्या पंचाशी भांडताना अडलं होतं. एकीचं धाकट्या भावाशी. सानियाचं तर रोजच अडलं होतं, घरात चार आत्या आहेत म्हणाली. सगळी हसली. मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, काकू, तुमचं कुठं अडलं?

मी म्हटलं, माझं नाही अडलं. मी एकटी बाई, मी कुणाशी काय बोलणार?

"मग महादप्पा आजोबा का न्हाई आले?" ती म्हणाली. "शिवकुमार पण न्हाई. काकू, तुमचं तर वाक्य वाचायच्या आधीच अडलं होतं."

नामदेवनं तिला कोपर मारलं. मला हसू आलं आणि ते पुरतं येण्याआधी आटलं.

सर, मी अण्णांना जे बोलले ते कपाटाबद्दल खरं होतं. आजही तेच म्हणेन. पण तो घाव त्या माणसानं दिलेला नव्हता. आपण या गल्लीत नवे आलो तेव्हा आपल्या घरात पहिल्यांदा पाटावर बसून जेवला तो कोण? अण्णा. वैशालीच्या लग्नात भाताचं घमेलं घेऊन पंगतीत कोण फिरलं? अण्णाच. त्यांच्या भावकीनं त्यांना किती ऐकवलं, ते तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यांनी ते सगळं गिळलं, आपल्याला कधी कळू दिलं नाही. आणि त्याच माणसाला, त्याच्या नातवादेखत, मी शिवाशिवीचं बोलले. ज्यानं कधी पाळली नाही, त्याला!

ते तर फक्त तुमची आठवण जपत होते. मी जशी स्वेटर जपते.

हे तुम्हाला विचारायचं होतं. खरं बोललं आणि तेही चुकीच्या माणसाला बोललं, तर काय करायचं? कोणत्या पुस्तकात बघू? वर्ग सुटल्यापासून चाळतेय. चार घरची चार पुस्तकं, सगळीकडं बोलण्याबद्दल आहे, पण माझ्या या गोष्टीचं उत्तर थेट कुठंच नाही. तुम्ही असता तर उत्तर दिलंच नसतं. अडलं ना, मग ज्याच्यापाशी अडलं त्याच्याकडं जा, एवढं म्हणून सायकलची हवा बघायला गेला असता. किती राग यायचा मला त्याचा. आता तोच राग यावा म्हणून बसलेय.

म्हणून तुम्हाला वचन देते. उद्या सकाळी अण्णा दुकान उघडतील, तेव्हा मी तिथं असेन. गिऱ्हाईक असेल तर त्याच्यादेखत बोलेन, कारण बोलले तेही चारचौघांत होतं. कपाट उघडंच राहील, हे त्यांना सांगेन. आणि हेही सांगेन, की आमच्या आज्याचं जे देणं दुसऱ्यांकडं होतं ते मी तुमच्याकडं मागितलं, तेवढं माझं चुकलं. शिवकुमारला रविवारी पाठवा म्हणेन. पाठवतील का? मला माहीत नाही. रागीट आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. पण नाही पाठवलं, तर रविवारी पोरांत बसून खरं तेच सांगेन, बाळांनो, माझं अजून अडलेलं आहे. आणि त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा दुकानात जाईन.

तुमच्या वर्गातली,
चंद्रकला